मदत हवी आहे: इंटरव्ह्यूत ‘लग्नाचं काय ठरलंय’ विचारून बसलो, आता उमेदवाराचा मेल आलाय

नवखा_मालक

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा पार्टनर मिळून एक छोटी कंपनी चालवतो. आम्हाला धरून सात जण, सगळे घरून काम करतात, ऑफिस असं काही नाहीच. हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ग्राहक चार-पाच देशांत आहेत, म्हणून कस्टमर सपोर्टला तीन माणसं घ्यायची ठरली आणि म्हटलं कुठूनही अर्ज करा. आजवर घेतलेले सगळे ओळखीतले, कुणाचा भाऊ तर कुणाचा कॉलेजचा मित्र, त्यामुळे जाहिरात इंटरव्ह्यू वगैरे आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि तिथेच माती खाल्ली.

जाहिरातीत आम्ही लिहिलं होतं “तरुण, उत्साही मुली पाहिजेत, अविवाहित असल्यास प्राधान्य.” पार्टनरचं म्हणणं असं की फोनवर मुलीचा आवाज ऐकला की चिडलेला ग्राहक लवकर शांत होतो. मला तेव्हा त्यात काही खटकलंही नाही, खोटं कशाला बोलू. अर्जाचा फॉर्म कुठूनतरी जुना मिळाला तोच चिकटवला, त्यात फोटो, जन्मतारीख, धर्म, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आधीचा पगार, सगळं होतं.

इंग्लंडमधून एकीने अर्ज केला, अनुभव उत्तम, बोलणं स्वच्छ. इंटरव्ह्यू संपता संपता मी आपलं गप्पांच्या ओघात विचारलं, “मग लग्नाचं काय ठरलंय? नंतर काम चालू ठेवणार ना?” ती हसून म्हणाली ठरलं की सांगेन. नंतर पार्टनर म्हणाला ही वर्षभरात जाणार, नको, आणि आम्ही नेहमीचा नकाराचा मेल पाठवला. तीन दिवसांनी तिचं उत्तर आलं, की मला का नाकारलं ते लेखी कळवा, हाच प्रश्न पुरुष उमेदवारांना विचारलात का तेही कळवा, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

आता झोप उडालीय. सात माणसांच्या कंपनीवर पण अशी केस होते का? पार्टनर म्हणतोय जाहिरात, चॅट, नोट्स सगळं डिलीट मार आणि गप्प बस. आणि मुळात माणसं घ्यायची कशी हो मग, काय विचारायचं आणि काय नाही? जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

खडूस_एचआर

सगळ्यात आधी, काहीही डिलीट करू नका. एक ओळसुद्धा नाही. स्क्रीनशॉट तिच्याकडे आहेच, म्हणजे पुसून पुरावा जाणार नाही, फक्त तुम्ही पुरावा पुसायला गेलात एवढी नवीन गोष्ट त्यात जमा होईल आणि ती मूळ चुकीपेक्षा वाईट दिसते.

दुसरं, आज तिला दोन ओळींचा मेल करा, की तुमचा मेल मिळाला, आम्ही तपासतोय, अमुक तारखेपर्यंत उत्तर देतो. बस. त्यात कारणं लिहीत बसू नका. विशेषतः आता बसून “संवादकौशल्य कमी वाटलं” असलं काही शोधून काढू नका. निर्णय घेताना जे कारण कागदावर नव्हतं ते नंतर सुचलं की कुणालाही कळतं हो.

सात माणसांचं म्हणाल तर ते देशावर अवलंबून. माणूस जिथे बसून काम करणार तिथला कायदा लागण्याची शक्यता जास्त असते, कंपनी कुठे नोंदवली आहे तेवढ्यावर भागत नाही. इंग्लंडचं दूरदेशी सांगतील, ते तिथेच आहेत.

दूरदेशी

हजर! इथे २०१० चा इक्वॉलिटी अ‍ॅक्ट आहे आणि त्यात कंपनी किती मोठी अशी अट नाही, एक माणूस ठेवणाऱ्यालाही लागू. आणि नोकरी लागल्यावरच नाही तर अर्ज करणाऱ्यालाही त्याचं संरक्षण आहे. एकूण नऊ गोष्टी आहेत ज्यांवरून भेदभाव चालत नाही: वय, अपंगत्व, लिंग, लिंगबदल, लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप, गरोदरपण आणि बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लैंगिक कल. तुमच्या जाहिरातीच्या एका ओळीत किती सापडतात बघा, ‘तरुण’ म्हणजे वय, ‘मुली’ म्हणजे लिंग. अविवाहितचं जरा गमतीशीर आहे, कायद्यात संरक्षण लग्न झालेल्यांना आहे, पण बाईचं लग्न होणार, मग मूल होणार, म्हणून नको, हा विचार थेट लिंगभेदात जातो कारण पुरुषाबद्दल तुम्ही तो केलाच नसता.

अजून एक महत्त्वाचं. तिने प्रथमदर्शनी भेदभाव दिसतोय इतपत मांडलं की पुढे तो नव्हता हे पटवून देणं तुमच्यावर येतं. जाहिरात आणि तो प्रश्न एवढ्यात तिचं काम होऊन जाईल असं मला तरी वाटतं. इथला एखादा एम्प्लॉयमेंट वकील गाठा, तासाभराचा सल्ला घ्या, धाग्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नका (माझ्याही).

अवांतर: तब्येतीचे प्रश्नही इथे ऑफर देण्याआधी विचारता येत नाहीत, मोजके अपवाद सोडून. मागच्या वर्षी किती सुट्ट्या आजारपणात गेल्या, हेही त्यातच आलं.

स्वतःच्या_खिशातून

मला एक कळत नाही, पगार मी देणार, धंदा बुडाला तर कर्ज माझ्या डोक्यावर, आणि कुणाला घ्यायचं ते दुसरे ठरवणार? पाच माणसांत एक जण सहा महिने सुटीवर गेला की काय होतं ते मोठ्या कंपनीत बसून कळत नाही. धागाकर्त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं, काळजीने विचारलं होतं.

खडूस_एचआर

@स्वतःच्या_खिशातून, कुणाला घ्यायचं ते तुम्हीच ठरवा हो, त्याला कुणाची ना नाही. फक्त कामाशी संबंध नसलेल्या कारणाने ठरवू नका, एवढंच कायदा म्हणतो. पाच माणसांत एक सहा महिने नसणं जड जातं हे शंभर टक्के खरं, मी स्वतः तशा ठिकाणी काम केलंय. पण माणूस अपघातानेही जातो, दुसरी ऑफर मिळाली म्हणूनही जातो, आणि इथे धागाकर्त्यांनी जी बाई लग्न करेल म्हणून नाकारली तिच्या जागी घेतलेला दादा चौथ्या महिन्यात जास्त पगारावर गेला तर काय करणार?

हेतूचं म्हणाल तर अमेरिकेत १९७१ सालीच सुप्रीम कोर्टाने ते सांगून टाकलंय, ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर. कंपनीने बढतीला हायस्कूलची अट आणि चाचण्या लावल्या होत्या, सगळ्यांना सारख्याच, पण त्याने काळे कामगार मोठ्या संख्येने बाहेर पडत होते आणि ती अट कामाला लागते हे काही कंपनीला दाखवता आलं नाही. कोर्ट म्हणालं हेतू चांगला असून भागत नाही, परिणाम बघा. तेव्हापासून ‘सगळ्यांना सारखीच अट आहे’ एवढं म्हणून तिथे सुटता येत नाही.

वकिलीणबाई

अमेरिकेचं थोडं पुढे. १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाचा भाग) पंधरा किंवा जास्त कर्मचारी असले की लागू होतं, वयाचा कायदा (१९६७ चा, चाळीस आणि त्यापुढच्यांसाठी) वीस असले की. पण सात म्हणून निर्धास्त होऊ नका, राज्यांचे स्वतःचे कायदे असतात आणि काही ठिकाणी एकाच कर्मचाऱ्यापासून सुरू होतात.

भारतात असा सगळं एकत्र बांधणारा एक कायदा खासगी नोकरीसाठी नाही, तुकड्यातुकड्यांत आहे, म्हणून लोकांना वाटतं की काहीच नाही. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीचं. पण समान कामासाठी बायकांना घेताना भेदभाव करायचा नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, तेच २०१९ च्या वेतन संहितेत आलं. एचआयव्ही चाचणी नोकरीची अट म्हणून मागता येत नाही, २०१७ चा कायदा. ट्रान्सजेंडर व्यक्तींना भरतीत डावलता येत नाही, २०१९ चा. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ नंबरचा करार १९५८ चा आहे, भारताने तो १९६० मध्ये स्वीकारलाय. त्यात एक अपवाद नीट लिहिलाय, तो म्हणजे त्या कामाची मूळ गरज. फोनवर सॉफ्टवेअर समजावून सांगायला बाई असणं ही कामाची गरज नाही. ग्राहकाला आवडतं ही पण नाही, ते पार्टनर साहेबांना सांगा.

पाटीपुसणारा

फॉर्मबद्दल कुणीच बोललं नाही, माझ्या मते खरी घाण तिथे आहे. फोटो, धर्म, वडिलांचं नवऱ्याचं नाव ताबडतोब उडवा. जे वाचलंच नाही त्यावरून पूर्वग्रह होत नाही. नुसत्या नावाने काय होतं यावर अभ्यास झालेत, २००४ सालचा एक प्रसिद्ध आहे, बोस्टन आणि शिकागोत जवळपास पाच हजार बनावट रेझ्युमे पाठवले, मजकूर तोडीस तोड, नाव कुठे गोऱ्यांचं वाटेल असं तर कुठे काळ्यांचं, तर गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त फोन आले. आपल्याकडे आडनावावरून काय होतं तेही २००७ च्या अभ्यासात असंच अर्ज पाठवून तपासलंय, दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी. रेझ्युमे चाळणारे काही राक्षस नसतात, आपल्यासारखेच असतात.

आणि हो, ‘मग सॉफ्टवेअरलाच निवडू दे’ असं कुणी म्हणेल त्याआधीच सांगतो, अ‍ॅमेझॉनने तसं करून पाहिलं होतं, २०१८ मध्ये बातमी आली. जुन्या भरतीवर शिकवलेलं होतं आणि जुनी भरती बहुतेक पुरुषांची, त्यामुळे ते बायकांचा उल्लेख असलेल्या रेझ्युमेंचे मार्क कापायला लागलं. गुंडाळलं शेवटी.

नवखा_मालक

बापरे. ताई, बाई, दादा सगळ्यांचे आभार. मेल पाठवला, वकिलाची वेळ घेतलीय, काहीही पुसलेलं नाही (पार्टनर फुगलाय). पण एक खरंच अडतंय. आम्हाला महिन्यातून दोन शनिवार-रविवार आणि काही दिवस रात्रीची शिफ्ट लागते. लहान मूल असलेल्या बाईला ते जमेल का हे विचारायचंच नाही तर कळणार कसं?

खडूस_एचआर

मूल विचारू नका, शिफ्ट विचारा. “या कामात महिन्याला दोन वीकेंड आणि आठवड्यातून एक रात्र आहे, तुम्हाला ते जमेल का?” हे वाक्य कागदावर लिहून ठेवा आणि बाई असो पुरुष असो, बावीसचा असो बावन्नची असो, प्रत्येकाला तेच वाचून दाखवा. मूल असून जमणारी बाई असते (घरी कोण बघतं ते आपल्याला काय करायचंय) आणि मूल नसून रात्री न जमणारा पुरुष असतो. तुम्हाला हवंय शिफ्टचं उत्तर, तेच विचारलं की तेच मिळतं.

‘मूळ कुठले तुम्ही’ यालाही हाच नियम. हवं असतं काय, तर त्या देशात काम करायची कायदेशीर परवानगी आहे का. मग तेवढंच विचारा, आणि सगळ्यांना विचारा, फक्त वेगळ्या नावाच्या माणसाला नको. ‘मातृभाषा कोणती’ नको, ‘या भाषेत फोनवर तक्रार हाताळू शकता का’ चालेल, आणि त्यापेक्षा बरं म्हणजे पाच मिनिटांचा खोटा कॉल करून बघा, ऐकूच येईल.

मी काय करते, अर्ज उघडायच्या आधी चार-पाच निकष लिहिते, प्रत्येकाला गुण. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, मग ताडून बघायचे, आधी चर्चा करायची नाही, नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसाचं मत सगळ्यांचं होतं. आणि नोट्समध्ये उमेदवार काय बोलला ते लिहायचं, ‘जरा चढेल वाटली’ हे नाही. चढेल हा शब्द पुरुष उमेदवाराच्या कागदावर मी आजवर पाहिलेला नाही, तिथे ‘आत्मविश्वासू’ असतं.

दूरदेशी

आधीच्या पगाराचा रकाना पण काढा. युरोपियन युनियनचा २०२३ चा वेतन पारदर्शकतेचा निर्देश आहे, देशांना तो आपापल्या कायद्यात आणायला जून २०२६ पर्यंतची मुदत, त्यानुसार आधीचा पगार विचारायचा नाही आणि पगाराचा पट्टा (किती ते किती) उमेदवाराला आधी सांगायचा. तुम्हाला जर्मनीतून कुणी घ्यायचं असेल तर लागेलच. तसंही कारण साधं आहे, मागच्या मालकाने बाईला कमी दिलं असेल तर तुम्ही त्यावर टक्के वाढवून तोच अन्याय पुढे चालवता.

स्वतःच्या_खिशातून

शिफ्टवालं वाक्य घेतलं. बाकीच्यावर अजून मत तेच आहे.

नवखा_मालक

अपडेट देतो, नाहीतर धागाकर्ता गायब झाला म्हणाल. वकिलाशी बोलून तिला मेल लिहिला. प्रश्न विचारायला नको होता, पुरुष उमेदवारांना विचारला नव्हता, आणि निर्णयावर त्याचा परिणाम झाला, हे सरळ मान्य केलं. वकील आधी कबुली द्यायला तयार नव्हत्या, मग शब्द त्यांनीच नीट करून दिले. आमच्यातल्या दुसऱ्या दोघांसमोर नव्याने इंटरव्ह्यू देता येईल असंही कळवलं. तिने नको म्हणून सांगितलं, तोवर तिला दुसरीकडे काम मिळालं होतं. तक्रार करणार की नाही याबद्दल एक अक्षर नाही, आणि मीही विचारलं नाही.

जाहिरात बदलली. आता त्यात काम काय, शिफ्ट काय, पगाराचा पट्टा काय, एवढंच आहे. पार्टनर म्हणाला कोरडी वाटते. आधीपेक्षा अर्ज जास्त आलेत, त्यात एक पंचावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत, म्हणजे वय त्यांनीच सांगितलं, मी नाही विचारलं! खोट्या कॉलमध्ये मी मुद्दाम आरडाओरडा केला तर त्यांनी मला दोन मिनिटांत गार केलं.

अजून एक शंका आहे. आपली निवड एकीकडे झुकतेय का हे नंतर तपासायचं तर स्त्री-पुरुष आकडे लागणार, आणि फॉर्ममधून तर ते काढले. मग ठेवायचे कुठे?

वकिलीणबाई

वेगळ्या फॉर्मवर, ऐच्छिक, नाव न घेता, आणि निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येणार नाही असे. किती जणांनी अर्ज केला आणि किती पुढे गेले हे गटागटाने बघायचं. अमेरिकेत १९७८ पासून एक ढोबळ नियम वापरतात, एका गटाच्या निवडीचं प्रमाण सगळ्यात जास्त प्रमाणाच्या चार पंचमांशपेक्षा कमी आलं की थांबून कारण शोधायचं. समजा वीस पुरुषांतले दहा पुढे गेले आणि वीस बायकांतल्या सहा, तर पन्नास टक्के आणि तीस टक्के, तीस भागिले पन्नास म्हणजे साठ टक्के, ऐंशीच्या खाली. तुमच्याकडे तीनच जागा आहेत तेव्हा शेवटच्या आकड्यावरून काही कळणार नाही, इंटरव्ह्यूला कोण बोलावलं गेलं तिथले मोजा.