मदत हवी आहे : महिन्याला अडीच हजारांवर खर्च, तरी वारा सुटला की इंटरनेट जाते (डिचोली, गोवा)

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. घर जुने, चिऱ्याचे, मध्ये राजांगण, मागे पोरसू (परसबाग) आणि त्यापलीकडे कुळागर (पोफळीची बाग). रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत फायबरची तार साधारण नव्वद मीटर येते आणि वाटेत तिला दोन माडांचा आधार दिलेला आहे. हे आधीच सांगते, कारण माझा संशय त्या माडांवर आहे आणि दुरुस्तीला येणाऱ्यांना तो पटत नाही.

घरात आम्ही चौघे. मी घरून हिशेबाचे काम करते, डिचोली आणि साखळीच्या बाजारातल्या काही दुकानांची जीएसटी विवरणपत्रे भरते. यजमान कुंडईला कारखान्यात. मुलगी बारावीत, संध्याकाळी सात ते साडेआठ तिचा ऑनलाइन क्लास असतो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचा सगळा जीव लँडलाइनमध्ये, कारण पुण्याच्या नणंदेपासून वाळपईच्या त्यांच्या बहिणीपर्यंत सगळ्यांना तोच नंबर पाठ आहे.

खर्च असा. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचे, ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. लँडलाइन वेगळी, तांब्याच्या तारेवरची, कर धरून २३६. आमचे तिघांचे मोबाइल, प्रत्येकी ८४ दिवसांना ८५९, म्हणजे महिन्याला मिळून ९२०. सासूबाईंचा साधा रिचार्ज २९९ चा, २८ दिवसांचा. तो मी कित्येक दिवस ‘महिन्याचा’ समजून चालले होते. वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा कळले की बाराच्या जागी तेरा वेळा भरतो. सगळे धरून महिन्याला २६५० च्या वर जातात. दुसऱ्यांचे हिशेब लिहून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःच्या घरचा हा हिशेब इतक्या उशिरा मांडला, याचे वाईट वाटते.

पैसे गेले तरी सेवा मिळावी, तर तेही नाही. जूनपासून लाइन रोज जाते. कधी दोन मिनिटे, कधी दोन तास. चवथीच्या आदल्या दिवशी जी गेली ती पाचव्या दिवशी आली. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली होती, नणंदेला व्हिडिओवर दाखवायची म्हणून सासूबाई नवे लुगडे नेसून बसल्या होत्या, आणि समोर नुसते गोल फिरणारे चक्र. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. ते माझ्या मनातून जात नाही.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, चिऱ्याच्या भिंती दीड-दीड हाताच्या. वाय-फाय असले की फोन आणि ओटीपी वाय-फायवरून येतात. ते गेले की मी अंगणात तुळशीवृंदावनापाशी जाऊन उभी राहते, तिथे दोन काड्या मिळतात. मागच्या २० तारखेला, म्हणजे विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, भर पावसात एका हातात छत्री आणि एका हातात मोबाइल धरून मी आकडे ओरडून सांगत होते आणि मुलगी आत यजमानांच्या मोबाइलचे नेट लॅपटॉपला जोडून, खिडकीला चिकटून ते टाइप करत होती.

आतापर्यंत तीन वेळा माणूस येऊन गेला. पहिल्यांदा राउटर बदलला. दुसऱ्यांदा भिंतीवरच्या डबीपासून राउटरपर्यंतची पिवळी वायर बदलली. तिसऱ्यांदा म्हणाला, तुमच्याकडे मोबाइल-लॅपटॉप जास्त झालेत, २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. बाहेर माडाकडे बघायला कोणी गेले नाही. प्रत्येक वेळी तासाभरात ‘आपली तक्रार निवारण झाली आहे’ असा मेसेज येतो, बहुधा लाइन बंद असतानाच.

मी तीन आठवडे वहीत नोंद ठेवली : वेळ, राउटरवरचा दिवा, पाऊस-वारा, लाईट होती की नाही. एकूण १९ वेळा गेली. त्यात ११ वेळा वारा होता आणि ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला. ५ वेळा लाईट क्षणभर जाऊन आली आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून चालू झाला. ३ वेळा दिवे सगळे हिरवे, पण मुलीच्या खोलीत मागच्या बाजूला काही उघडेना.

तर मला विचारायचे आहे ते हे, की २०० चा प्लॅन घेऊन यातले काही सुटेल का? माझ्या मते नाही, पण मला तांत्रिक भाषा येत नाही आणि समोरचा ती बोलू लागला की मी गप्प बसते. काय तपासायचे, काय शब्दांत सांगायचे, आणि खर्च कुठे कापता येईल, कृपया सांगा. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, वाद नको आहे, लाइन हवी आहे.

– वृंदावन

प्रतिसाद : कुळागर

ताई, वही ठेवलीत तिथेच अर्धे काम झाले. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळे बिघाड आहेत आणि ते एकच समजून प्रत्येक जण राउटर बदलतो आहे.

लाल एलओएस म्हणजे राउटरपर्यंत प्रकाशच पोचत नाही. त्याचा स्पीडशी किंवा घरातल्या मोबाइलच्या संख्येशी काही संबंध नाही. फायबर म्हणजे आत केसाएवढी काच. ती तुटायलाच पाहिजे असे नाही, जास्त वाकली तरी प्रकाश बाहेर गळतो. माड वाऱ्यात झुलतो, तार त्याला आवळून बांधलेली असली की प्रत्येक झोक्याला तिथे वाकते. चुडत (झावळी) पडले किंवा पाडेली नारळ काढायला चढला की आणखी ओढ बसते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

पुरावा घरबसल्या मिळतो. राउटरच्या तळाशी चिकटपट्टीवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१, आणि पासवर्डही. ब्राउझरमध्ये तो उघडून ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ असे पान शोधा. त्यात ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे आकड्यात दिसेल. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ ही घरातल्या यंत्राची साधारण शेवटची मर्यादा, त्यापुढे ते आंधळे होते. तीन आकडे खाली गेले की प्रकाश निम्मा झाला असे समजा. शांत सकाळी एकदा आणि वारा असताना एकदा आकडा बघा, स्क्रीनचा फोटो काढा. माणूस आला की ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘वाऱ्यात पॉवर उणे इतकी होते, ड्रॉप वायर तपासा’ असे म्हणा. ड्रॉप वायर म्हणजे खांबापासून घरापर्यंतची तार. मग तो शिडी घेऊन बाहेर जाईल.

लाईटच्या पाच वेळांसाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर जुळवून घ्या, बहुतेकांचे १२ व्होल्ट असते. ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढाच. काचेतून वीज येत नाही, पण तारेसोबत आधाराला लोखंडी तार असते आणि भिंतीतला प्लग तर असतोच.

मुलीच्या खोलीचे दुखणे चिऱ्याचे आहे. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जाड भिंतीला हरतो, २.४ चा त्यातल्या त्यात पार जातो. तिचा लॅपटॉप २.४ वर जोडा. पण खरा उपाय म्हणजे राजांगणाच्या कडेने लॅन केबल नेऊन तिच्या खोलीत एक जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावणे. भिंतींमधून सिग्नल उचलून पुढे टाकणाऱ्या स्वस्त रिपीटरवर पैसे घालू नका.

प्रतिसाद : निळा कंदील

मी फक्त पैशांबद्दल बोलतो. एक क्लास, तुमचे काम आणि रात्री एक सिनेमा यांना ४० एमबीपीएस भरपूर झाले. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात. ४९९ च्या आसपासचा प्लॅन कर धरून ५८९ ला पडतो, म्हणजे महिन्याला ५९० वाचले. ९९९ मध्ये जी ओटीटी अ‍ॅप्स येतात ती घरात कोण बघते, हे आधी विचारा. सहा महिन्यांचे एकदम भरले तर सूट देतो म्हणतील. लाइन धड होईपर्यंत अजिबात भरू नका, एकदा पैसे दिले की तुमचा हात दगडाखाली.

सासूबाईंना डेटा नकोच. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक वेगळे द्यायला कंपन्यांना भाग पाडले आणि खास रिचार्ज व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ पर्यंत नेली. ८४ दिवसांचे असे पॅक साडेचारशेच्या आसपास मिळतात. अ‍ॅपमध्ये ते पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात. घरात व्हॉट्सअ‍ॅप वाय-फायवर चालेलच.

नंबर पोर्ट करायचा विचार असेल तर आधी शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सिम घेऊन घरात आणि वृंदावनापाशी रेंज बघा. मग ‘पोर्ट’ आणि आपला नंबर असा एसएमएस १९०० वर. उत्तरात येणारा कोड चार दिवस चालतो. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये असल्याने तीन कामाच्या दिवसांत होते. मात्र २० तारखेच्या आठवड्यात करू नका, नवे सिम चालू झाल्यावर सुरुवातीला एसएमएस अडकतात आणि तुमचे सगळे काम ओटीपीवर.

आणि तक्रारीचा डॉकेट नंबर तारखेसह लिहून ठेवा. बिघाड तीन दिवसांवर रेंगाळला तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते असा ट्रायचा नियम आहे, चवथीचे तुमचे पाच दिवस त्यात बसतात. कंपनीच्या तक्रार केंद्राने ऐकले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, फी नाही. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे वेळ घालवू नका.

वृंदावन (बारा दिवसांनी) :

कुळागर, निळा कंदील, दोघांचे मनापासून आभार. लगेच लिहिले नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचे नव्हते.

पान सापडले. सकाळी सहाला, वारा नसताना, उणे २६.८. दुपारी वारा सुटल्यावर मी त्या पानासमोर बसून राहिले : २७.४, २८.९, आणि मग आकडाच गेला, दिवा लाल. दोन्ही फोटो तक्रारीला जोडले आणि तुमचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी वेगळा माणूस आला, मोजायचे यंत्र घेऊन. फोटो बघितल्यावर प्लॅनबद्दल एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या माडावर तार नायलॉनच्या दोरीने तीन वेढे देऊन आवळली होती. माड वाढला, दोरी रुतली. वेढ्याखाली तारेचे काळे कवच चपटे होऊन फाटले होते आणि त्यातून आतला पांढरा धागा दिसत होता. त्याने ते मला बोटाने दाखवले, मी वर्षभर त्याखालून ये-जा करत होते. माडांचा आधार पूर्ण काढला. यजमानांनी आणि त्याने मिळून कुंपणाच्या कडेने तीन लोखंडी पाइप रोवले, पाइपांचा खर्च आमचा. तार सगळी नवी टाकली. आता आकडा उणे २१.४ आहे. परवा रात्री जोराचा वारा होता, मी उठून दिवा बघून आले. हिरवा.

यूपीएस घेतला. मुलीच्या खोलीत केबल नेली, क्लास सलग चालतो. प्लॅन पुढच्या बिलापासून ४० चा होईल. ओटीटीची चौकशी केली, घरात कोणीच बघत नव्हते. चवथीच्या पाच दिवसांच्या भरपाईसाठी डॉकेट नंबरांसह अपील केले आहे, उत्तर यायचे आहे. सासूबाईंचा कॉलचा पॅक घेतला. त्यांना मी सांगितले नव्हते, पण त्यांनीच विचारले, ‘गो, आता तुझ्या नणंदेला दिसेन ना मी?’ रविवारी अर्धा तास बोलल्या.

आता एकच राहिले आहे. नव्या प्लॅनसोबत फायबरवरचा फोन फुकट मिळतो, पण नंबर नवा मिळणार. जुनी लँडलाइन वेगळ्या कंपनीची आहे आणि लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, असे दोन्हीकडे सांगितले. म्हणजे २३६ वाचवायचे तर सासूबाईंचा नंबर सोडावा लागतो. मला ते जिवावर येते. त्याच कंपनीचे फायबर आमच्या वाड्यावर येते का, आणि तांब्याच्या तारेवरचा नंबर तोच ठेवून फायबरवर घेता येतो का? डिचोली किंवा सत्तरीत कोणी असे केले असेल तर अर्ज कुठे दिला आणि मध्ये किती दिवस फोन बंद राहिला, तेवढे सांगा. त्यांच्या बहिणीला दुसरा नंबर पाठ व्हायचा नाही.