'मोठा', 'चांगला' की 'सर्वश्रेष्ठ'? रेसलिंगमधल्या 'ग्रेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

सर्वकालीन दहा प्रोफेशनल रेसलर्सवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडकली. 'हल्क होगन हा सर्वश्रेष्ठ पैलवानांपैकी एक' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. अमेरिकेतला होगन आठवा. एक लाथ, एक लेग ड्रॉप, खेळ खलास. त्याला श्रेष्ठ पैलवान म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्याला यादीतून काढलं तर ती यादीच हास्यास्पद होते.

इंग्रजीत 'ग्रेटेस्ट' या एकाच शब्दात सगळं कोंबतात आणि मग वर्षानुवर्षं भांडतात. मला वाटतं, ते भांडण माणसांवरून कमी आणि शब्दावरून जास्त आहे. मराठीत याची फोड करता येईल का? शिवाय वर्कर, सेलिंग, ओव्हर, ड्रॉ, जॉबर, केफेब हे शब्द आहेत. ते तसेच ठेवू की काही सुचतंय?

प्रतिसाद

'सर्वश्रेष्ठ' आधी खोडा. 'श्रेष्ठ' म्हणजेच सगळ्यांत चांगला, त्याला आणखी 'सर्व' कशाला? (रूढ झालाय हे मान्य, पण खुपतो.) 'महान' भाषणात झिजून गेलाय. 'थोर'ला चारित्र्याचा वास आहे आणि रेसलर्सची चरित्रं वाचलीत तर तो शब्द आपणहून गळून पडेल.

मी साधे शब्द सुचवतो: 'मोठा' आणि 'चांगला'. नटांबद्दल आपण हा फरक रोज करतो. 'मोठा नट आहे, पण चांगला नट नाही' हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

प्रतिसाद

वरच्या मोठा-चांगलाला एकाच रात्रीचं उदाहरण देतो. २९ मार्च १९८७, पाँटियाक सिल्व्हरडोम, तिसरा रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीचा वर्षातला सगळ्यांत मोठा कार्यक्रम. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ जाहीर केला. तो फुगवलेला आहे यावर आजही वाद चालतो, पण स्टेडियम भरलं होतं यावर वाद नाही. ते भरलं कुणामुळे? होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. आंद्रेच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, पोशाखाखाली पट्टा बांधलेला, धड हलता येत नव्हतं. लढत म्हणून बघाल तर दोन दमलेली माणसं एकमेकांना टेकून उभी. पण होगनने आंद्रेला उचलून आपटलं तो क्षण लोक अजून सांगतात. आंद्रेला आजवर कुणी उचललेलं नाही अशी जाहिरात होती. ती साफ खोटी. खुद्द होगनने १९८० सालीच त्याला उचलून आपटलं होतं. तरी कुणाचं काही बिघडलं नाही.

त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट पंधरा मिनिटांच्या आतबाहेर लढले. सॅव्हेजने सगळी लढत आधी कागदावर टप्प्याटप्प्याने उतरवून पाठ करून घेतली होती, असं स्टीमबोटनेच नंतर सांगितलंय. बघताना मात्र कुठेही पाठांतर दिसत नाही. एक धपका उसना नाही, एक क्षण रिकामा नाही.

आता सांगा, त्या रात्री श्रेष्ठ कोण? तिकीट काढताना लोक होगनसाठी आले, घरी जाताना स्टीमबोट-सॅव्हेजबद्दल बोलत गेले. इंग्रजीत पहिल्याला 'ड्रॉ' म्हणतात आणि दुसऱ्यांना 'वर्कर'. 'ड्रॉ'ला मराठीत 'गर्दी खेचणारा' सरळ आहे. मला 'गल्ला भरणारा' जास्त आवडतो, त्यात पैशाचा खुळखुळ ऐकू येतो.

प्रतिसाद

'वर्कर'साठी कामगार, कसबी वगैरे शोधत बसू नका. मराठीत तो शब्द आधीपासून आहे: 'काम'. नाटक बघून बाहेर पडताना आपण म्हणतो, 'काय काम केलंय बाईने!' रेसलिंगच्या आतल्या बोलीत 'वर्क' म्हणजे ठरवून केलेलं आणि 'गुड वर्कर' म्हणजे ते बेमालूम करणारा. दोन्ही अर्थ आपल्या 'काम'मध्ये बसतात. 'स्टीमबोटचं काम चांगलं, होगनचं काम बेतास बात' या वाक्यात कुणाचा अपमानही नाही.

आणि 'जॉबर', म्हणजे दुसऱ्याला मोठं करण्यासाठी पगारावर हरणारा, त्याला 'हारकाम्या' म्हणा. एक काना वाढवला की झालं. बॅरी हॉरोविट्झने अख्खी कारकीर्द हे काम इमानेइतबारे केलं.

प्रतिसाद

हारकाम्या! घेतला.

प्रतिसाद

माफ करा, पण सगळं ठरलेलंच असतं तर क्रमवारी कसली लावता? आपल्याकडे याला एकच शब्द आहे, 'नुरा कुस्ती'.

प्रतिसाद

नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं, म्हणून तो शब्द शिवीसारखा येतो. इथे प्रेक्षक पडद्याआडचं जाणतो आणि तरी येतो. १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे खुद्द कंपनीनेच सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. हेतू उदात्त नव्हता, क्रीडा आयोगाचे नियम टाळायचे होते. पण कबुली ती कबुली.

त्याआधी मात्र हे गुपित जिवापाड जपत, त्यालाच 'केफेब' म्हणतात. डिसेंबर १९८४ मध्ये जॉन स्टॉसेल या टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्ट्झला तोंडावर सांगितलं की मला हे खोटं वाटतं. शुल्ट्झने त्याच्या कानाखाली आवाज काढला, एकदा नव्हे दोनदा. मराठीत आपण 'बिंग फुटलं' म्हणतो, तर केफेब म्हणजे बिंग फुटू न देणं. एका शब्दात बसत नाही, म्हणून केफेब तसाच ठेवा.

तुमच्या शंकेचं उत्तर क्रियापदात आहे. आपण सवयीने 'पट्टा (म्हणजे विजेतेपद) जिंकला' लिहितो. खरं तर पट्टा 'दिला' जातो. हे एकदा मान्य केलं की आकड्यांचा अर्थ पालटतो. रिक फ्लेअरची १६ विश्वविजेतेपदं, जॉन सीनाने २०२५ साली गाठलेलं १७वं, हे विजय म्हणून मोजलं तर पोरखेळ आहे. पण कंपनीने कुणावर किती काळ भिस्त ठेवली याचा हिशेब म्हणून वाचा. ब्रुनो सॅमार्टिनोकडे १७ मे १९६३ पासून १८ जानेवारी १९७१ पर्यंत सलग २,८०३ दिवस पट्टा होता. गल्ला भरत नसता तर एवढा काळ कुणी ठेवला असता? इव्हान कोलॉफपुढे तो हरला तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन इतकं गप्प झालं की आपले कानच गेले असं त्याला वाटलं. लोकांना निकाल ठरवणारे कोण ते माहीत असो वा नसो, ती शांतता कुणी ठरवलेली नव्हती. माझी क्रमवारी मी असल्या गोष्टींवर लावतो.

आणि आकड्यांवर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्यांसाठी गोल्डबर्ग. १७३ विजय, हार शून्य! त्याच्या लढती मोजत बसलेल्या चाहत्यांच्या लक्षात आलं होतं की आकडा माणसापेक्षा जोरात धावतोय.

प्रतिसाद

'पुट ओव्हर'साठी मराठी तयार आहे: 'मोठं करणे'. पोरांना मोठं करतात तसंच. 'त्याने हरून समोरच्याला मोठं केलं.' आणि 'ओव्हर' म्हणजे 'लोकांनी डोक्यावर घेतलेला'.

माझ्या मते क्रमवारीत हे सर्वांत कमी मोजलं जातं. किती जणांना हरवलं हे विचारतात, किती जणांना मोठं केलं हे विचारत नाहीत.

प्रतिसाद

'सेलिंग'चं भाषांतर मी एकदा 'विक्री' असं वाचलंय. देव तारी. समोरच्याचा मार खरा वाटावा म्हणून जे करतात ते सेलिंग. 'नाटक करणे' म्हटलं की लबाडी येते. मी 'मार पटवणे' सुचवतो. विकण्यात जी गळी उतरवण्याची छटा आहे ती 'पटवणे'मध्ये आहे. (दुसरी छटाही आहे, तिच्याकडे काणाडोळा करावा.)

उदाहरण एकच देतो, पण जवळून बघा. २३ मार्च १९९७, तेरावा रेसलमेनिया, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. शरण आणल्याशिवाय निकाल नाही. शेवटी ऑस्टिन पालथा, पाय हार्टच्या 'शार्पशूटर' या पकडीत अडकलेले, कपाळातून वाहणारं रक्त दातांच्या फटींतून गळतंय. तो हातांवर जोर देऊन अंग उचलतो, पकड क्षणभर सैलावते, सगळं सभागृह उठतं, आणि पकड परत बसते. तो शरण येत नाही. शुद्ध हरपते. पंच केन शॅमरॉक लढत थांबवतो. हार्ट जिंकला, पण तो बेशुद्ध माणसाला मारतच राहिला आणि लोक त्याच्यावर उलटले. ऑस्टिन कुणाचा आधार न घेता लंगडत गेला, त्याच्या नावाचा घोष सुरू. नायक आत आला, खलनायक होऊन बाहेर पडला. उलटही तसंच. एका लढतीत दोघांच्या भूमिकांची अदलाबदल झाली.

ऑस्टिन त्या रात्री हरला. तिथून पुढे काही वर्षं त्याच्याएवढा गल्ला कुणी भरला नाही. मार पटवणारा असाही मोठा होतो.

प्रतिसाद

इंग्रजीतल्या 'हील'ला वर 'खलनायक' म्हटलंय, त्यावर थोडी कुरकुर. मेक्सिकोत 'रूडो' आणि 'टेक्निको' म्हणतात, म्हणजे रांगडा आणि तंत्रशुद्ध. तिथे भेद चांगल्या-वाईटाचा कमी, खेळण्याच्या ढंगाचा जास्त. मेक्सिकन कुस्तीबद्दल लिहाल तर 'रांगडा' वापरा, इतरत्र खलनायक चालेल. खलनायकाची क्रमवारी शिव्यांवर लावतात हे मात्र सगळीकडे सारखं. फक्त शिव्या दोन प्रकारच्या. 'याला कुणीतरी बडवा' ही कमाई. 'याला कुणीतरी हटवा' हा वैताग.

प्रतिसाद

'कॅरी' राहिला. नवख्या किंवा ठोकळ्यासारख्या माणसाबरोबरही चांगली लढत काढणे. 'सांभाळून नेणे' चपखल वाटतं, तबलजी कच्च्या गवयाला नेतो तसं. फ्लेअरबद्दल म्हणत की तो झाडूबरोबरसुद्धा चांगली लढत करेल. जपानमध्ये हे अक्षरशः घडलंय: डीडीटी कंपनीत योशिहिको नावाची बाहुली रीतसर लढते. कोटा इबुशी तिच्याशी लढताना बघा. बाहुलीने मारलेल्या डावांनी तो उडतोय आणि दोन मिनिटांनी तुम्ही बाहुलीची बाजू घेताय. मार पटवण्याची याहून कडक परीक्षा नाही.

प्रतिसाद

ताऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. डेव्ह मेल्ट्झर आपल्या वार्तापत्रात लढतींना तारे देतो. पाच म्हणजे सर्वोच्च, अशी समजूत होती. ४ जानेवारी २०१७ला टोकियो डोममधल्या केनी ओमेगा-काझुचिका ओकाडा लढतीला त्याने सहा दिले, जून २०१८च्या त्यांच्या तासाहून लांब लढतीला सात. पाचपैकी सात! अशा माणसाला गणिताचे पेपर तपासायला देऊ नये.

गंमत सोडा, त्या लढती अफाट आहेत. पण तारे लढतीला मिळतात, माणसाला नव्हे. ताऱ्यांची बेरीज करून क्रमवारी लावणाऱ्यांच्या यादीत आंद्रे कधीच येणार नाही, आणि आंद्रे नसलेली यादी मी वाचणार नाही.

त्याच्याच वार्तापत्राच्या हॉल ऑफ फेमचा निकष त्यामानाने समजूतदार आहे. गर्दी खेचणं, रिंगमधलं काम आणि ऐतिहासिक महत्त्व या गोष्टी बघून मतदार ठरवतात आणि ६० टक्के मतं लागतात. डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेमला असं मतदान नाही. मालक म्हणेल तो थोर.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. आता पहिलं वाक्य असं झालंय: 'होगनएवढा मोठा कुणी झाला नाही. काम मात्र त्याचं बेतास बात होतं.'

प्रतिसाद

दुसऱ्या वाक्यात 'अमेरिकेत' घाला. जपानमधल्या त्याच्या लढती काढून बघा, तिथे हाच माणूस चक्क जमिनीवरच्या पकडी लावतो. येत होतं त्याला. अमेरिकेत लागत नव्हतं.

मूळ प्रश्नकर्ता

घातलं. आता अडलंय ते स्टीमबोटपाशी. त्याला 'मोठा' म्हणवत नाही, गल्ला भरणाऱ्यांत तो नव्हता. विश्वविजेतेपदाचा मोठा पट्टा एकदाच, १९८९ साली फ्लेअरकडून घेतलेला, तोही ७६ दिवसांत फ्लेअरकडेच परत गेला. पण त्या वर्षीच्या फ्लेअरबरोबरच्या तीन लढती बघून नुसतं 'चांगला' लिहिलं तर पाप लागेल.

प्रतिसाद

'पट्टीचा' लिहा. पट्टा ७६ दिवस, पण पट्टीचा.