प्रेषितांनंतर मंडळीची सूत्रं कुणाकडे गेली?

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या बायबल अभ्यासवर्गात वाद पेटलाय. प्रेषितांनी (येशूच्या बारा मुख्य शिष्यांनी) वारस नेमले, की मंडळीनं (चर्चनं) निवडले?

उत्तर १: दोन्ही अर्धवट. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी चिठ्ठ्या टाकून मत्थिया आला (प्रेषितांची कृत्ये १). पण सुमारे इ.स. ४४ मध्ये राजा हेरोदानं बारांपैकी योहानाचा भाऊ याकोब मारला, तेव्हा बदली माणूस नेमल्याची नोंदच नाही. म्हणजे 'बारा' हे वारशानं चालणारं पद नव्हतं. यरुशलेमेत दुसरा याकोब, म्हणजे प्रभू येशूचा भाऊ, प्रमुख होता. ६२ मध्ये तो मारला गेल्यावर येशूचा नातलग, क्लोपाचा मुलगा शिमोन आला, असं मंडळीचा इतिहासकार युसेबियस लिहितो. तिथं मात्र घराणं दिसतं!

उत्तर २: भावा, खरा घोळ शब्दांचा आहे. बायबलमधल्या तीताच्या पत्रात (१:५-७) 'वडील' (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) आणि 'अध्यक्ष' (बिशप) एकाच माणसाला म्हटलंय. वडिलांच्या हाती कारभार देणाऱ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा सगळा भर त्यावरच. एका शहराला एकच अध्यक्ष, खाली वडील आणि सेवक (डीकन), ही उतरंड दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा अध्यक्ष इग्नाती याच्या पत्रांत ठळक दिसते. रोमच्या अध्यक्षांची लिनस, अनाक्लेतस, क्लेमेंत ही यादी बिशप आयरेनियसनं सुमारे १८० मध्ये दिली, तीही ज्ञेयवाद्यांना (गुप्त ज्ञानानं तारण मिळतं म्हणणाऱ्या पंथांना) उत्तर म्हणून: 'आमची शिकवण उघड हस्तांतरित झाली, गुप्त नव्हे.' तिला हजेरीपटासारखं वाचू नका.

उत्तर ३: निवडीचं विचाराल तर दिदाखे हा सुरुवातीच्या मंडळीचा नियमग्रंथ (प्रकरण १५) मंडळीलाच 'अध्यक्ष आणि सेवक निवडा' असं सांगतं. ग्रीसमधल्या करिंथात वडिलांना पदावरून काढलं, म्हणून रोमहून क्लेमेंतचं पत्र गेलं. पुढं ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेच्या चौथ्या नियमानं नवा अध्यक्ष नेमताना किमान तीन अध्यक्ष हजर हवेत, गैरहजरांची लेखी संमती हवी, असं ठरवलं. प्रांतातल्या प्रमुख अध्यक्षाची मंजुरी वेगळीच.