रिसीव्हर, सबवूफर आणि खालच्या काकू

शनिवार

बी-४०२ : नमस्कार मंडळी. हॉलमध्ये होम थिएटर करायचं म्हणतोय. साउंडबार नको, एव्ही रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पुरवतो तो खोका) आणि वेगळे स्पीकर. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणाकडे आहे का? कुठला घ्यावा?

सी-१०४ : घे की बिनधास्त. फक्त वॅट बघून घे. हजाराच्या खाली मजा नाही.

बी-३०२ : त्यात सबवूफरही असतो ना, तो बासचा, धडधडणारा स्पीकर? तुमच्या हॉलखाली आमचा हॉल आहे, आणि हे तिथेच झोपतात. सहज विचारलं.

बी-४०२ : असतो काकू 🙈

ए-५०१ : हजार वॅट आले कुठून ते आधी बघा. खोक्यावरचा मोठा आकडा बरेचदा एकच चॅनल चालू ठेवून, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, १० टक्के डिस्टॉर्शन येईपर्यंत पिळून काढलेला असतो. मग त्याला चॅनलच्या संख्येने गुणायचं, की झाले हजार. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज चक्क फाटलेला असतो. स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली एक बारीक ओळ सापडेल : २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.०८ टक्के किंवा तसलंच काहीतरी. त्या ओळीतला आकडा धरायचा. तिथे ८० वॅट दिसले तरी आपल्या हॉलला पुरून उरतील.

सी-१०४ : काका, तरी ८० पेक्षा १०० जास्तच ना?

ए-५०१ : कागदावर. कानाला जेमतेम १ डेसिबल. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ८५ डेसिबलवाल्याच्या जागी ८८ वाला घेतला तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. म्हणून आधी स्पीकर ठरवायचे आणि मग त्यांना झेपेल असा रिसीव्हर. सगळे नेमकं उलटं करतात. मीही केलं होतं.

बी-४०२ : मला एक स्पीकर आवडलाय, पण त्यावर ४ ओहम लिहिलंय.

ए-५०१ : ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. तो कमी म्हणजे करंट जास्त ओढणार. रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये ४ ओहम चालतील असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे. नसेल तर ६ किंवा ८ चा बघ. उगाच रिसीव्हर तापवू नकोस.

बी-४०२ : आणि ५.१ की ७.२?

ए-५०१ : तुझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे ना? मग ७ मधले मागचे दोन स्पीकर काय भिंतीत चिणणार? ५.१ घे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. अगदीच हौस असेल तर छताकडे दोन, म्हणजे ५.१.२. त्यासाठी रिसीव्हर सात चॅनलचा लागेल. ७.२ मधल्या .२ ला भुलू नकोस. स्वस्त मॉडेलमध्ये सबवूफरची दोन सॉकेट असतात, पण दोन्हीतून सिग्नल तोच येतो.

ए-२०३ : मी एक विचारू? टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एका पोर्टशेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं आहे का बघून सांग.

बी-४०२ : टीव्ही भिंतीवर आहे ताई. मोबाइल मागे घालून फोटो काढतो. … एआरसी लिहिलंय. ई नाही.

ए-२०३ : चालेल. टीव्हीतल्या ॲपचा आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे येतो. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ईएआरसी २०१७ मध्ये २.१ बरोबर. साध्या एआरसीची वाट अरुंद आहे. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस (वरूनही आवाज येणारं डॉल्बीचं सराउंड) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवलेलं असतं, टीव्ही आडमुठा नसेल तर ते त्यातून जातं. डिस्कवरचं ट्रूएचडी, म्हणजे डॉल्बीचा काहीही न गाळलेला आवाज, मात्र जात नाही. पण डिस्क प्लेअर टीव्हीला न लावता थेट रिसीव्हरला लाव, की तो प्रश्नच उरत नाही. गेमिंग कन्सोल आहे का?

बी-४०२ : आहे.

ए-२०३ : मग ४के १२० हर्ट्झ घेणारे पोर्ट किती, ते मोजून घे. सहा पोर्ट दिसतात, त्यातले सगळे त्या कामाचे नसतात. कुठले आहेत ते मॅन्युअलमध्ये असतं. दुकानात विचारलंस तर "सगळे सेमच" असं सांगतील.

सचिव : पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत. ज्यांची असेल त्यांनी बघावे.

सी-१०४ : माझीच. धन्यवाद. उतरतोय.

तीन आठवड्यांनी, रविवार

बी-४०२ : सगळं आलं! सकाळपासून जोडतोय. पण चालू केला की दोन सेकंदांत खट् करून बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकतो. नवाकोरा आहे हो. परत पाठवू का?

ए-५०१ : थांब. आधी प्लग काढ. मग टॉर्च घेऊन मागे बघ. स्पीकरच्या वायरीतली एखादी केसाएवढी तांब्याची तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली असेल. शॉर्ट दिसला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो.

बी-४०२ : सापडली!! सेंटरच्या, म्हणजे मधल्या स्पीकरच्या, लाल टर्मिनलमधून एकच तार बाहेर आली होती आणि काळ्याला चिकटली होती. काका, तुम्ही न बघता सांगितलंत.

ए-५०१ : माझी दोनदा चिकटली होती. टोकं पीळ देऊन घट्ट कर, नाहीतर बनाना प्लग लाव. वायर किती गेजची घेतलीस?

बी-४०२ : १६.

ए-५०१ : उत्तम. एवढ्या अंतराला पुरते. (गेजचा आकडा कमी तितकी वायर जाड, हे सी-१०४ साठी.)

सी-१०४ : 😐

त्याच दिवशी, रात्री

बी-३०२ : आमच्या शोकेसची काच गेला अर्धा तास वाजते आहे. ट्रक जातोय का वरून?

बी-४०२ : सॉरी काकू, बंद केलं. तसंही मजा येत नाहीये. स्फोट झाला की घर हादरतं आणि माणसं बोलायला लागली की काही ऐकू येत नाही. सारखा रिमोट हातात. रिसीव्हरने निराशा केली.

ए-५०१ : रिसीव्हरला नावं ठेवू नकोस. त्याच्या पुढच्या डिस्प्लेच्या पट्टीवर काय अक्षरं येतायत?

बी-४०२ : मल्टी चॅनल स्टिरिओ.

ए-२०३ : हात्तिच्या! म्हणजे टीव्ही नुसता दोन चॅनलचा पीसीएम (साधा डिजिटल आवाज) पाठवतोय आणि रिसीव्हर तोच आवाज पाचही स्पीकरमधून काढतोय. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल, ते ऑटो किंवा पासथ्रू कर. मग पट्टीवर डॉल्बी किंवा डीटीएस असं काहीतरी उमटेल. उमटलं की संवाद सेंटर स्पीकरमधून येतील, जिथून यायला हवेत तिथून.

ए-५०१ : आणि ऑटो कॅलिब्रेशन केलंस का, म्हणजे रिसीव्हरला खोली मोजून आवाज जुळवू दिलास का? त्या खोक्यातल्या माइकने?

बी-४०२ : हो, माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला आणि बटण दाबलं. ते टूं टूं चालू असताना आईचा फोन आला होता, तेवढंच.

ए-५०१ : मी उद्या संध्याकाळी येतो.

सोमवार, रात्री

ए-५०१ : ४०२ कडे जाऊन आलो. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्याला परत सांगायला नको.

सेंटर स्पीकर रॅकच्या कप्प्यात एक वीत आत ढकललेला होता आणि त्याचं तोंड गुडघ्यांकडे. ओढून कप्प्याच्या कडेला आणला, पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड कानाकडे वर केलं. संवादाचा निम्मा आजार तिथेच गेला. त्याची वायरही उलटी होती, लालवर काळी. तसं असलं की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि आवाज पोकळ लागतो. वायरीच्या एका बाजूवर रेघ असते. रेघवाली बाजू कुठे लावायची ते एकदा ठरवायचं आणि सगळीकडे तेच पाळायचं.

पुढचे दोन स्पीकर टीव्हीला चिकटवून ठेवले होते. लांब सरकवले. ते दोन आणि आपलं डोकं मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे. बाजूचे दोन कानाच्या रेषेपेक्षा जरासे मागे.

मग माइक. तो सोफ्यावर ठेवायचा नाही, हातात तर नाहीच. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला. पंखा बंद, खिडक्या बंद, फोन बंद, माणसं बाहेर. आम्ही सगळे स्वयंपाकघरात मुकाट उभे होतो. मोजून झाल्यावर त्याने पुढचे स्पीकर "लार्ज" ठरवले, हा त्याचा जुना खोडसाळपणा. ते "स्मॉल" केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली वाटणीची रेघ, ८० हर्ट्झ. स्मॉल म्हणण्यात स्पीकरचा अपमान नाही. ८० च्या खालचं ओझं सबवर टाक, एवढाच त्याचा अर्थ.

ए-२०३ : आणि सबच्या मागची क्रॉसओव्हरची चकती?

ए-५०१ : ती ६० वर ठेवली होती. म्हणजे रिसीव्हर ८० पर्यंतचं पाठवतोय आणि सब ६० नंतरचं गाळतोय. मधलं गेलं कुठे? कुठेच नाही. चकती शेवटपर्यंत फिरवली. छाटायचं काम एकालाच द्यावं.

बी-४०२ : काका, तो सबवूफर सोफ्यावर बसवल्याचा किस्सा पण सांगा की.

ए-५०१ : त्यात किस्सा काय. सब कोपऱ्यात होता. कोपऱ्यात बास फुगतो आणि एकाच सुराचा गुरगुराट होतो. चांगली जागा शोधायची तर सब सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, बासचं एखादं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे बास मोकळा आणि सारखा ऐकू येतो, तिथे सब ठेवायचा. कानाची आणि सबची जागा बदलली तरी हिशेब तोच राहतो.

ए-२०३ : काका रांगले???

बी-४०२ : वहिनीने व्हिडिओ काढलाय.

ए-५०१ : तो ग्रुपवर येणार नाही.

बी-४०२ : काका, तुम्ही गेल्यावर मेनू बघत होतो. सबचं अंतर साडेसहा मीटर दाखवतोय. आमची खोलीच साडेचार मीटर आहे. दुरुस्त करू?

ए-२०३ : हात लावू नकोस! ते टेपने मोजलेलं अंतर नाही, वेळ आहे. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, तो उशीर माइकला अंतरासारखा वाटतो. एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. तू "बरोबर" केलंस की बिघडेल.

सी-१०४ : माझा एक बावळट प्रश्न. काल याच्याकडे बघितलं, आवाज मायनस ३० वर होता. मायनसमध्ये आवाज कसा?

ए-५०१ : बावळट नाही. ० म्हणजे थिएटरची पातळी. नीट कॅलिब्रेट केलेलं असेल तर तिथे एकेका मुख्य स्पीकरचा सर्वात मोठा दणका १०५ डेसिबलपर्यंत जातो. मायनस ३० म्हणजे त्याच्यापेक्षा ३० डेसिबल खाली. घरात तेवढं पुष्कळ होतं. एवढ्या आवाजाला तुझे हजार वॅट आयुष्यात लागायचे नाहीत, बहुतेक वेळ एक-दोन वॅटच चालू असतात.

सी-१०४ : मला मुद्दाम विचारायला लावलंत.

बी-३०२ : सगळं छान आहे. पण आमच्या काचेचं काय?

ए-५०१ : वहिनी, तेच सांगणार होतो. सबखाली जाड रबरी पॅड घातलेत, त्याने फरशीत उतरणारी थरथर कमी होईल. पण खरं सांगायचं तर, हवेतून जाणारा बास पॅडला जुमानत नाही, स्लॅबमधूनही उतरतो. तिथे पातळी खाली आणणे हाच उपाय. सब ५ डेसिबलने उतरवलाय. शिवाय दहानंतर नाइट मोड लावायचा असं कबूल करून घेतलंय. त्याने दणके दबतात आणि कुजबुज वर येते, रिमोटची झटापट संपते.

ए-२०३ : काहींमध्ये त्याला डायनॅमिक व्हॉल्यूम किंवा डीआरसी म्हणतात, शोधताना गोंधळू नका. आणि ४०२, तो सेट टॉप बॉक्स रिसीव्हरच्या डोक्यावरून काढ. फोटोत दिसला. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते.

बी-४०२ : काढला. काकू, आत्ता तोच स्फोटाचा सीन लावतोय. तुम्ही शोकेसजवळ उभ्या राहता का?

बी-३०२ : उभी आहे.

बी-४०२ : झाला स्फोट.

बी-३०२ : कधी?

बी-४०२ : आत्ताच! 😀

बी-३०२ : बरं. मग एक विचारते. आम्ही दोघं काल जिन्यावरून तुमच्या दारापाशी थांबून ऐकत होतो. ह्यांच्या डोक्यात तेव्हापासून तेच चाललंय. आपल्याकडे टीव्हीला ईएआरसी आहे म्हणतात. ५०१ काका, उद्या थोडा वेळ आहे का?

ए-५०१ : आहे. पण आधी एक सांगा, तुमच्या हॉलखाली कोण राहतं?

बी-२०२ : आम्ही.