घरच्या कार्यशाळेसाठी बेंच ग्राइंडर: सहा इंची की आठ इंची?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी लहानशी कार्यशाळा मांडली आहे. पटाश्या, रंध्याची पाती, ड्रिल बिट आणि तासगावकडे असलेल्या भावाच्या द्राक्षबागेतील छाटणीच्या कात्र्या यांना धार लावणे हे मुख्य काम. आजवर अँगल ग्राइंडर व्हाइसमध्ये धरून भागवले. मात्र गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी दोन कात्र्यांची पाती निळी पडली आणि त्यांची धार चार दिवसही टिकली नाही. दुकानदार म्हणतात की एचपी जितका जास्त तितके यंत्र चांगले. शिवाय ओळखीच्या एका गृहस्थांकडे जुना आठ इंची ग्राइंडर स्वस्तात मिळतो आहे, पण २०१९ च्या महापुरात तो पाण्याखाली होता, हे त्यांनी आपणहून सांगितले. काय घ्यावे?

प्रतिसाद (कुपवाड)

मी अनेक वर्षे टूलरूममध्ये काम केले आहे. एचपीच्या मागे लागू नका, असे प्रथम सांगतो. सहा इंची चाकाला पाव ते अर्धा एचपी घरकामासाठी पुरतो. पाटीवर लिहिलेले वॅट कधी मोटर ओढते त्या विजेचे असतात, तर कधी शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचे, त्यामुळे केवळ आकड्यांची तुलना फसवी ठरते. त्यापेक्षा पाटीवर ‘एस २, ३० मिनिटे’ असे काही लिहिले आहे का ते पाहा. तसे असल्यास ते यंत्र सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवण्यासाठी नाही, असे समजावे.

आपल्याकडे ५० हर्ट्झवर चालणारी दोन पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेते. त्या वेगाने १५० मिलिमीटरच्या (सहा इंची) चाकाची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर आणि २०० मिलिमीटरच्या (आठ इंची) चाकाची सुमारे ३० मीटर धावते, म्हणजे मोठ्या चाकावर पातळ पाते लवकर तापते. आठ इंची घ्यायचाच असेल तर १४४० फेऱ्यांच्या आसपास चालणारा, चार पोलचा शोधावा. तो मिळायला कठीण आणि महाग असतो, पण धारेच्या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही.

दुकानात यंत्र चालू करून बंद करा. चाक शांतपणे, बराच वेळ फिरत राहून थांबले तर बेअरिंग ठीक आहे. घरघर करत लगेच थांबले तर यंत्र परत ठेवा. पुष्कळ स्वस्त यंत्रांत मोटर बरी असते, पण टेकू (घासताना पाते टेकवायची चाकासमोरची पट्टी) पातळ पत्र्याचा असतो. अंगठ्याने दाबल्यावर तो वाकला तर त्यावर कोणताही कोन नीट धरता येणार नाही.

प्रतिसाद (मिरज)

तंतुवाद्यांच्या लाकूडकामात दिवसभर पटाशी हातात असते, म्हणून धारेबद्दल थोडे लिहितो. यंत्रासोबत येणारी राखाडी चाके साध्या लोखंडासाठी असतात. पटाशीसाठी ६० किंवा ८० ग्रिटचे (म्हणजे तितक्या भरड कणांचे) पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक वेगळे घ्यावे. हिरवे चाक कार्बाइडच्या टोकांसाठी असते, ते दुकानदाराने गळ्यात मारले तरी घेऊ नये. कार्बन पोलादाचे पाते सुमारे ३०० अंशांवर निळे पडते आणि त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. मग निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय इलाज नाही. हलका हात ठेवावा आणि पाते बोटाला गरम लागताच पाण्यात बुडवावे. हायस्पीड स्टीलचे ड्रिल बिट निळे झाले तरी बिघडत नाही, मात्र तापून लाल झालेले बिट पाण्यात टाकल्यास त्याला बारीक चिरा जाऊ शकतात.

छाटणीच्या कात्रीबद्दल माझे मत थोडे कडक आहे: तिला ग्राइंडर दाखवूच नये. पात्याच्या उताराच्या बाजूने हातातील दगड फिरवला की पुरे. खोल खाच पडली असेल तेवढ्यापुरतेच चाक वापरावे.

प्रतिसाद (इस्लामपूर)

पुरातील यंत्राविषयी. मोटर वाचवता येते: बेअरिंग नवे टाकून, वाइंडिंग (तारेची गुंडाळी) वाळवून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे लागते आणि ते एक मेगओमपेक्षा कमी भरले तर रिवाइंडिंगचा खर्च येतो. हा सगळा हिशेब धरला की स्वस्ताई उरत नाही. मोटर ठेवलीत तरी त्यावरची जुनी चाके मात्र टाकून द्या.

नवे चाकही बसवण्यापूर्वी भोकातून बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे; खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर चाकाला तडा असण्याची शक्यता असते. चाकावरची कागदी चकती फ्लँजखाली (चाक दाबून धरणाऱ्या लोखंडी चकतीखाली) राहू द्यावी. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, हे विसरून पाना झटकला की आटे जातात (माझे गेले आहेत). टेकू चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत ठेवावा, चाक झिजेल तसा पुढे सरकवावा आणि सुरुवातीचे मिनिटभर बाजूला उभे राहावे. ॲल्युमिनियम किंवा पितळ घासू नये. ते चाकाच्या छिद्रांत भरून बसते आणि मग ड्रेसर (चाकाचा पृष्ठभाग खरवडून साफ करायचे हत्यार) फिरवावाच लागतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पुरातील यंत्राचा विचार सोडला आहे. सहा इंची, जाड टेकूचा ग्राइंडर आणि एक वेगळे पांढरे चाक असे ठरवतो. भावाच्या कात्र्यांसाठी हातदगड आजच घेतला. आता शेडमधील बाक लाकडी आहे, त्यावर बोल्ट आरपार घ्यावेत की खाली लोखंडी पट्टी टाकावी?

प्रतिसाद (कुपवाड)

पट्टी टाकाच, आणि बोल्टखाली रबराचे वायसर घाला. चाक ड्रेसरने गोल करून घेतल्यावरही बाक थरथरत राहिला, तर बाकाचे पाय भिंतीला बांधावे लागतील.