एनएफएलमधल्या शिकागो बेअर्सचा पहिला पिक: केलब विल्यम्स घ्यायचा, की फील्ड्सला ठेवून पिक पुन्हा विकायचा?

शॉमबर्गकर (२४ फेब्रुवारी २०२४)

इंडियानापोलिसचं कंबाइन (ड्राफ्टआधीची, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीआधीची, चाचणी) तोंडावर आलंय आणि आमच्या घरात अजून एकमत नाही. मुलगा १२ वर्षांचा, आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) जस्टिन फील्ड्सचा कट्टर भक्त. १ नंबरची जर्सी धुवायलासुद्धा देत नाही. मी कॉलेजमधून येणाऱ्या क्वार्टरबॅक केलबच्या बाजूचा. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघत नाही, म्हणून तुम्हा मंडळींना विचारतोय.

मोसम ज्यांनी नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी परिस्थिती सांगतो. मार्च २०२३ मध्ये आपला जनरल मॅनेजर रायन पोल्सने १ नंबरचा पिक (ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी खेळाडू निवडायचा हक्क) कॅरोलायनाला दिला. बदल्यात त्या वर्षीचे ९ आणि ६१ नंबरचे पिक, २०२४ ची पहिली फेरी (म्हणजे त्या फेरीतला पिक), २०२५ ची दुसरी फेरी आणि वर रिसीव्हर (पास झेलणारा) डी. जे. मूर. मूरने पहिल्याच मोसमात ९६ झेल घेऊन १३६४ यार्ड केले. कॅरोलायना २–१५ (दोन विजय, १५ पराभव) अशी बुडाली, आणि सगळ्यात वाईट संघाची पाळी पहिली, त्यामुळे त्यांच्याकडून आलेला पिक पुन्हा १ नंबरचाच निघाला. आपण ७–१०, म्हणून आपला स्वतःचा पिक ९ वा. म्हणजे २५ एप्रिलला डेट्रॉइटच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दहात दोनदा आपली पाळी. दुसऱ्या फेरीत काही नाही, तो पिक बचावपटू माँटेझ स्वेटसाठी वॉशिंग्टनला गेला. स्वेट आल्यावर डिफेन्स कसा बदलला ते पाहता मला त्याची जराही हळहळ नाही.

आता फील्ड्स. २०२१ मध्ये ११ व्या नंबरवर त्याला घेण्यासाठी आपण जायंट्सना पुढच्या वर्षीची पहिली फेरी दिली होती. त्याने ३८ सामने सुरू केले, त्यातले १० जिंकले. हा आकडा एकट्या क्वार्टरबॅकच्या माथी मारता येत नाही, हे मलाही मान्य आहे. २०२२ मध्ये खलील मॅक गेला, रोक्वान स्मिथ गेला, संघ मुद्दाम पायापासून मोडून काढला होता. पण २०२३ चं काय? डेन्व्हरविरुद्ध २८–७ पुढे असून हरलो. डेट्रॉइटमध्ये शेवटची चार-पाच मिनिटं उरली असताना २६–१४ पुढे होतो, तरी हरलो. क्लीव्हलंडला चौथ्या क्वार्टरमध्ये १७–७ पुढे होतो, तेही घालवलं. शेवटच्या दहा मिनिटांत एक-दोन फर्स्ट डाउन (दहा यार्ड पुढे सरकून चेंडू आपल्याकडे राखणं) फेकून मिळवायचे असतात, तिथे आपलं गाडं दर वेळी अडतं.

आणि हे दुखणं आजचं नाही. बेअर्सच्या एकाही क्वार्टरबॅकने एका मोसमात ४००० यार्ड फेकलेले नाहीत. ३२ संघांत असे फक्त आपण. विक्रम एरिक क्रेमरचा, ३८३८ यार्ड, तोही १९९५ चा.

माझा प्रश्न फील्ड्सवाल्यांना आहे. त्याला ठेवून १ नंबर पुन्हा विकला, तर पुढच्या दोन वर्षांत हा संघ कसा दिसेल? नुसतं ‘कॉलेजचा रिसीव्हर मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर मिळेल’ एवढं नको. पूर्ण चित्र सांगा. मला खरंच ऐकायचं आहे.

सोल्जरफील्ड_उत्तरबाजू

तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी.

३१ डिसेंबरला मी बर्फात स्टेडियममध्ये होतो. अटलांटाला ३७–१७ ने हरवलं आणि सगळं स्टेडियम फील्ड्सच्या नावाने घुमत होतं. त्याच दुपारी कॅरोलायना जॅक्सनव्हिलकडून २६–० ने हरली आणि १ नंबर आपल्याला पक्का झाला. शेजारचा माणूस फोनवर स्कोअर बघून नाचत होता, मला मात्र पोटात गोळा आला. कळलं की आता या मुलाला घालवणार.

तुम्ही चित्र मागितलंत, घ्या. १ नंबर वॉशिंग्टनला द्यायचा, फक्त एक पायरी खाली २ वर यायचं. त्यांची यंदाची दुसरी फेरी आणि २०२५ ची पहिली मागायची. २ वर हॅरिसन. ९ वर टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा लाइनमन), जो ऑल्ट तिथवर राहिला तर सोन्याहून पिवळं. एका बाजूला डार्नेल राइट, दुसऱ्या बाजूला ऑल्ट, बाहेर मूर आणि हॅरिसन, मधे कोल कमेट. आणि शिकवायला नवा कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) शेन वॉल्ड्रन, ज्याच्या हाताखाली सिएटलमध्ये क्वार्टरबॅक जीनो स्मिथ पुन्हा उभा राहिला. असा संघ फील्ड्सला एक दिवस तरी मिळाला होता का? तीन मोसमांत १३५ सॅक (चेंडू फेकण्याआधीच पाडलं जाणं) खाल्लेत त्या पोराने. २०२२ मध्ये लाइन रोज कोसळत असताना ११४३ यार्ड धावला.

५ ऑक्टोबरची रात्र आठवा.  त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये फील्ड्सने चार टचडाउन फेकले, मूरने २३० यार्ड केले आणि सलग १४ पराभवांची माळ तुटली. जो हे करू शकतो त्याला चांगली माणसं देऊन बघा. आपण कायम पुढच्या मुलाच्या मागे धावतो आणि हातातला फुकट घालवतो.

कॅपचा_हिशेब

उत्तरबाजू, तुमचं चित्र सुंदर आहे, पण त्याची किंमत मांडू या.

फील्ड्सच्या करारातल्या पाचव्या वर्षाचा निर्णय (ते घ्यायचं की सोडायचं) मेच्या सुरुवातीला घ्यावा लागतो. ते वर्ष म्हणजे २०२५, आणि रक्कम अडीच कोटी डॉलरच्या वर. ती घेतली आणि तो खरंच चमकला, तर लगेच मोठा करार. क्वार्टरबॅक जो बरोला वर्षाला साडेपाच कोटी मिळतात, बाजारभाव तिथे पोहोचलाय. उलट नवा क्वार्टरबॅक घेतला तर? गेल्या वर्षी १ नंबरवर गेलेल्या ब्राइस यंगचा करार चार वर्षांचे मिळून ३ कोटी ८० लाखांच्या आसपास आहे. २०११ पासून नवख्यांचे पगार नंबरानुसार ठरलेले असतात, घासाघीस नाही. कालच २०२४ ची कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) २५ कोटी ५४ लाख जाहीर झाली. क्वार्टरबॅक वर्षाला एक कोटीच्या आत पडला, तर स्वेटचे चार वर्षांचे ९ कोटी ८० लाख जड जात नाहीत आणि बचावातल्या जेलन जॉन्सनलाही हातचा जाऊ द्यावा लागत नाही. फील्ड्स चांगला निघाला तर महाग, वाईट निघाला तर २०२६ मध्ये पुन्हा क्वार्टरबॅकच्या शोधात. आणि तेव्हा १ नंबर हातात असणार नाही.

टॅकलबद्दल एक: ऑल्ट ९ पर्यंत राहणार नाही. त्या जागी रिसीव्हर धरा. हॅरिसन, मलिक नेबर्स, रोम ओडुंझे या तिघांतला एक खाली येण्याची शक्यता चांगली आहे, कारण वरच्या नंबरांवर दोन-तीन क्वार्टरबॅक जाणार.

मॅडिसनची_काकू

मी पॅकर्सवाली, म्हणजे तुमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांची, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या. पण तुमच्या संघाला मी गेली कित्येक वर्षं वर्षातून दोनदा बघते आहे, आणि सध्या सलग दहा सामने आम्ही जिंकलोत, म्हणून बोलते.

तुम्ही सगळे कोणता मुलगा यावर भांडताय. मला काळजी तो कुणाच्या हाती पडणार याची वाटते. २०१७ मध्ये तुम्ही ३ वरून २ वर जायला वर तीन पिक देऊन क्वार्टरबॅक ट्रुबिस्कीला घेतलंत. मागे १० वर महोम्स आणि १२ वर वॉटसन राहिले, ते तर सगळे बोलतातच. पण त्याला घेतला तेव्हा जॉन फॉक्स कोच होता आणि त्याच मोसमानंतर त्याला काढलं. दुसऱ्या वर्षी कोच मॅट नेगी, नवी प्लेबुक (डावांची वही), पुन्हा पहिल्यापासून. २०२१ मध्ये फील्ड्स आला तो नेगीकडे, आणि मोसम संपताच नेगीलाही काढलं. पुन्हा नवा कोच, नवा कोऑर्डिनेटर, नवी भाषा. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला एका वर्षात एक अक्षर शिकवायचं आणि दुसऱ्या वर्षी पाटी पुसायची, हे तुम्ही दोनदा केलंत.

आता केलब येणार तो तुमच्या कोच मॅट एबरफ्लूसकडे. दोन मोसमांत १०–२४. तुम्ही त्याला ठेवलात, कोऑर्डिनेटर तेवढा बदललात. २०२४ मोसम बिघडला तर एबरफ्लूस जाईल, वॉल्ड्रन जाईल, आणि तिसरा मुलगा त्याच चरकातून निघेल. आमच्याकडे रॉजर्स तीन वर्षं फार्वच्या मागे बसला, लव्ह तीन वर्षं रॉजर्सच्या मागे. गेल्या मोसमात लव्हने ३२ टचडाउन फेकले. प्रत्येकाला इतकं थांबवता येतं असं नाही. पण निदान घर तरी एक असावं.

केलब घ्या, माझं ना नाही. यूएससीमधलं त्याचं २०२२ चं हाइसमनचं (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचं) वर्ष मी पाहिलंय, हात देवाने दिलाय. त्याच्यासोबत शिकवणारा टिकेल एवढं बघा.

पुण्याहून_मध्यरात्री

मी इथून बघतो, शिकागोचा दुपारचा सामना हिवाळ्यात रात्री साडेअकराला सुरू होतो, सोमवारी ऑफिसात डोळे चुरचुरत असतात. एक शंका. दोघांनाही का ठेवू नये? फील्ड्सला एक वर्ष खेळवा, केलबला शिकू द्या. महोम्ससुद्धा २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसलाच होता.

शॉमबर्गकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हेच ऐकायचं होतं.

पुणेकर, आधी तुमचं. स्मिथ मुरलेला खेळाडू होता, त्याच्याबरोबर प्लेऑफ गाठणारा संघ होता, आणि महोम्स १ नंबरवर आलेला नव्हता. आपल्याकडे फील्ड्सने पहिला पास जमिनीवर टाकला की निम्मं स्टेडियम केलबचं नाव घेणार, आणि केलब उतरला की उरलेलं निम्मं फील्ड्सचं. दोघांचंही नुकसान. शिवाय वर्षभर ठेवल्यावर फील्ड्सची किंमत शून्यावर येईल, कारण करार संपत आलेला असेल.

उत्तरबाजू, तुमचं चित्र वाचून मुलाने टेबलावर हात आपटला आणि मला क्षणभर तेच हवंसं वाटलं. पण मला २०१२ चे रॅम्स आठवतात. त्यांनी २ नंबर वॉशिंग्टनला दिला, क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी. बदल्यात तीन पहिल्या फेऱ्या आणि एक दुसरी. लुटलं म्हणाले सगळे. डिसेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात त्या पिकांतून मिळालेले खेळाडू टॉससाठी कर्णधार म्हणून पुढे पाठवले आणि सामना २४–० ने जिंकला. पण त्या चार वर्षांचे निकाल बघा: ७–८–१, ७–९, ६–१०, ७–९. पिकांची रास होती, चांगले खेळाडू होते, चेंडू फेकणारा भरवशाचा माणूस नव्हता. मग २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन त्यांनी स्वतःच वर चढून १ नंबरला जॅरेड गॉफ घेतला. तुमच्या चित्रातला संघ मला तसाच दिसतो: आठ-नऊ सामने जिंकणारा, पिक विसाव्याच्या आसपास, आणि क्वार्टरबॅक नाही.

आणि दुसरं, पोल्सने गेल्या वर्षी १ नंबर विकला तेव्हा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडलाही जाऊ दिलं. ह्यूस्टनने त्याला २ वर घेतलं आणि ते एका वर्षात १०–७, प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडला ४५–१४. मूर, राइट आणि आजचा हा पिक बघता त्या सौद्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र दोन वर्षं लागोपाठ तेच केलं तर क्वार्टरबॅकच्या जागी काय ठेवायचं ते कुणी सांगत नाही.

काकू, तुमचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. एबरफ्लूसला ठेवणं मलाही पटलेलं नाही. डिफेन्स त्याने बांधला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं, पण नवा क्वार्टरबॅक आणि नवा कोच एकत्र आणायची संधी जानेवारीत होती. तरी त्यासाठी केलबला सोडायचं नाही. कोच मोसमाच्या शेवटी बदलता येतो, असा पिक पुन्हा येईलच असं नाही.

सोल्जरफील्ड_उत्तरबाजू

रॅम्सचं उदाहरण बोचलं, नाकारत नाही. तरी विचारतो, फील्ड्सला विकायचंच ठरलं तर किती घेणार? त्याला कवडीमोलाने दिला तर मला सहन होणार नाही.

शॉमबर्गकर

दुसरी फेरी मागावी. दाखले आहेत. २०१९ मध्ये ॲरिझोनाने कायलर मरेला घेतल्यावर जॉश रोझनसाठी मायामीकडून दुसरी फेरी आणि पुढच्या वर्षीची पाचवी मिळवली. २०२१ मध्ये जेट्सनी सॅम डार्नल्डसाठी कॅरोलायनाकडून दुसरी, चौथी आणि सहावी. फील्ड्स दोघांपेक्षा सरस आहे.

पण वेळ फार कमी आहे. १३ मार्चला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो. कर्क कझिन्स मोकळा होतोय, बेकर मेफील्डही. क्वार्टरबॅकच्या खुर्च्या अशा चार-पाचच रिकाम्या आहेत. अटलांटा फील्ड्ससाठी सगळ्यात योग्य, तो तिथलाच, जॉर्जियाचा. कझिन्स तिकडे गेला तर आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, मग राहिला पिट्सबर्ग, आणि त्यांना आपली घाई कळलेली असेल. म्हणून पोल्सने कंबाइनमध्येच सौदा उरकावा. तिसरी फेरी आली तरी घ्यावी, एप्रिलची वाट बघू नये.

मुलाला हे अजून सांगितलेलं नाही.

मॅडिसनची_काकू

सांगा त्याला आजच. बातमी टीव्हीवर कळण्यापेक्षा बापाकडून कळलेली बरी. आणि जर्सी जपून ठेवा म्हणावं, नंबर बदलला तरी माणूस आवडता राहू शकतो. आमच्याकडे फार्वची अजून कपाटात आहे.