मदत हवी आहे : जामखेडच्या आरोळे दवाखान्याचे सुरुवातीचे दिवस

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पावर लेख लिहितेय. ठळक गोष्टी हाताशी आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे कुठेही सापडतं, त्यात माझं काही नाही.

मला खरं हवंय ते गावोगावच्या आरोग्य सेविकांबद्दल. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, कित्येकदा दलित वस्तीतल्या बायका बाळंतपणं करायला लागल्या, मुलांची वजनं घ्यायला लागल्या, कुष्ठरोग्यांची विचारपूस करायला लागल्या. सवर्णांच्या घरात त्यांना पहिल्यांदा आत कोणी घेतलं? सासरच्यांनी काय म्हटलं? ७२ च्या दुष्काळात या कामाचं काय झालं? माझ्या मते दवाखान्याचा खरा इतिहास इमारतीत नाही, इथे आहे. पण छापील मजकुरात डॉक्टरांबद्दल पानंच्या पानं आणि या बायकांबद्दल दोन ओळी!

जामखेड, कर्जत, आष्टी भागातलं कोणी आहे का इथे? कुणाची आजी, आत्या, मावशी या कामात असेल तर तिच्याशी बोलता येईल का? त्या काळचे फोटो, जुनी स्थानिक वर्तमानपत्रं कुठे बघावीत? आणि वयस्कर बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करण्याचा अनुभव असेल तर तेही सांगा. मोबाईल समोर धरला की त्या गप्पच होतात.